बाबागाडी घेऊन व्हिएन्नात

नातीला झोप लागायची ती फक्त चाकांवर. पाळण्यात नाही, मांडीवर नाही, आजीच्या अंगाईनं तर मुळीच नाही. बाबागाडी चालत असली की डोळे मिटायचे आणि थांबली की दोन मिनिटांत भोंगा. त्यामुळं २०२४ च्या जूनअखेर आम्ही दोघं लेकीकडं व्हिएन्नाला पोचलो आणि चौथ्याच दिवशी माझी नेमणूक झाली. सकाळी साडेनऊ ते बारा, गाडी घेऊन बाहेर. जावई ऑफिसला, लेक रात्रीच्या जागरणानं आडवी, आमची ही स्वयंपाकघरात डिंक आणि अळिवाच्या मोहिमेवर. उरलो मी. बँकेतून निवृत्त, सांगलीचा, जर्मनचा एक शब्द येत नाही, आणि व्हिसा मोजून नव्वद दिवसांचा.

बघायची म्हणून जी ठिकाणं असतात ती पहिल्या दोन शनिवार-रविवारी उरकली होती. शॉनब्रुनचा राजवाडा १४४१ खोल्यांचा. तिकीट काढून त्यातल्या चाळीसेक दाखवतात, आणि पंचविसाव्या खोलीपासून माझे गुडघे महाराणी मारिया थेरेसाविषयी काहीबाही बोलायला लागले. स्टीफन्सडोम चर्चचं छप्पर मात्र खरोखर देखणं, रंगीत कौलांची नक्षी भरजरी पदरासारखी. फोटो काढले, सांगलीच्या ग्रुपवर टाकले, अंगठे आले. पण या फिरण्यात एक गोष्ट खटकली. एवढ्या गर्दीत बसलेलं कुणी नव्हतं. सगळे उभे, सगळे चालणारे, सगळ्यांचे फोन वर.

सांगलीत आम्ही सहा-सात जण रोज सकाळी कृष्णेच्या घाटावर बसतो. काही करत नाही. पाणी किती पायऱ्या वरखाली झालं ते बघतो, एकमेकांच्या साखरेचे आकडे ऐकतो, आणि ऊन चढलं की उठतो. असं बसणारे लोक इथंही असणार, फक्त ते राजवाड्यात नसणार, एवढं मला कळत होतं. बाबागाडी ढकलत मी त्यांच्या शोधाला लागलो म्हटलं तर ते फार शहाणपणाचं वाटेल. खरं म्हणजे मलाच टेकायला जागा हवी होती.

लेकीचं घर ओटाक्रिंगमध्ये. व्हिएन्नाचे तेवीस भाग आहेत, त्यांना नंबर आहेत, आणि पत्ता सांगताना लोक आधी नंबर सांगतात; आमचा सोळावा. जुनी कामगारवस्ती. इमारत शंभरी उलटलेली, आणि जिन्याच्या वळणावर भिंतीत बसवलेलं बिडाचं एक छोटं कुंड. वर नळ, पण कोरडा. कुंडात कुणीतरी पुदिना लावला होता. हे काय म्हणून विचारलं तर लेक म्हणाली, बासेना. पूर्वी घरात नळ नसायचे. मजल्यावर हा एकच, संडासही बाहेर सामाईक, आणि बायका बादल्या घेऊन इथं जमायच्या. बासेनावरच्या गप्पांना जर्मनमध्ये वेगळा शब्दच आहे, ‘बासेनाट्राच’. ट्राच म्हणजे कुचाळक्या. मी लहानपणी सुट्टीत गिरगावातल्या चाळीत मावशीकडं राहिलेला माणूस. मला पुढचं सांगावं लागलं नाही.

पण आणखी एक गोष्ट तिनं सांगितली ती डोक्यात राहिली. १९०० च्या आसपास इथं जागेची इतकी चणचण होती की लोक पलंग भाड्यानं द्यायचे. खोली नव्हे, पलंग. तोही ठरावीक तासांपुरता. रात्रपाळीवाला दिवसा येऊन झोपणार, त्यानं उठून गेलं की दिवसपाळीवाला. ‘बेटगेयर’ म्हणत अशा भाडेकरूंना. गिरणगावातल्या गाळ्यांतही पाळीपाळीनं वळकट्या पसरायच्या, ते सांगणारी माणसं मी बँकेत असताना भेटली आहेत. ज्याचा पलंगच आठ तासांचा त्यानं उरलेला वेळ काढायचा कुठं? पुढच्या तीन महिन्यांत मी जिथं जिथं बसलो त्या बहुतेक जागांची सुरुवात मला या कोरड्या नळापाशी दिसते. घरात बसायला जागा नव्हती, म्हणून या लोकांनी बाहेर बसायची सोय करून घेतली. काही स्वतः केली, काही सरकारकडून करवून घेतली.

माझी पहिली जागा ब्रुनेनमार्क्ट. घरापासून दहा मिनिटांवर, रस्त्यातच भरणारा लांबलचक बाजार, रविवार सोडून रोज. तुर्की, सर्बियन, सीरियन, अफगाण. मुळांसकट कोथिंबीर, बोटाएवढी कोवळी भेंडी, ऑलिव्हची पिंपं, आणि शनिवारी तर पाय ठेवायला जागा नाही. एका तुर्की भाजीवाल्याकडं मी रोज थांबायचो. थांबायचो म्हणजे एका हातानं गाडी मागंपुढं चालूच. एकदा त्यानं आतल्या पोराला ओरडून काहीतरी विचारलं, त्यात ‘हेसाप’ असा शब्द आला. माझे कान टवकारले. हिशेब? मी पिशवीकडं बोट करून म्हटलं, हिशेब. तो म्हणाला, हेसाप. झालं, आमचा खेळ सुरू. हवा, दुनिया, साबण, मैदान, दुकान, बाजार. अरबी-फारसीनं दोन्हीकडं पेरून ठेवलेलं पीक आम्ही दोघं भेंडीच्या ढिगाऱ्यावर बसून कापत होतो. रोज एक नवा शब्द आणि वर दोन हिरव्या मिरच्या फुकट.

मग एक दिवस लेक सोबत होती आणि तिनं मला मागून हाक मारली, ‘बाबा!’ भाजीवाला खूश. तुर्कीतही बाबा म्हणजे बाबाच. शेजारच्या गाळ्यावरची सर्बियन बाई मात्र खो खो हसली, कारण तिच्या भाषेत बाबा म्हणजे आजी. यात खरी भर घातली ती अस्सल व्हिएन्नावाल्यांनी. इमारतीतल्या एक म्हाताऱ्या बाई पहिल्या आठवड्यात दारात भेटल्या होत्या. गाडीत वाकून पाहिलं, पाचेक वाक्यं बोलल्या आणि जाता जाता मोठ्यांदा म्हणाल्या, ‘बाबाऽ!’ यांना माझं घरातलं नाव कसं कळलं म्हणून मी ‘हो’ म्हणून उभा राहिलो. त्या निघून गेल्या. व्हिएन्नात ‘बाबा’ म्हणजे ‘येते हं’. दुसऱ्या अक्षरावर जोर द्यायचा. ती ढकलगाडी ‘बाबागाडी’ हे कळल्यावर भाजीवाल्यानं माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं तिचं भाषांतर मी करणार नाही.

कॉफीहाउसांकडं मी उशिरा वळलो, कारण मी चहावाला. व्हिएन्नाला कॉफी कशी आली याची एक गोष्ट सगळे सांगतात, १६८३ चा वेढा उठवून तुर्क पळाले आणि मागं पोती टाकून गेले वगैरे. ती दंतकथा. पहिला परवाना १६८५ चा, योहानेस डिओडाटो नावाच्या आर्मेनियन व्यापाऱ्याला मिळालेला. गावाच्या मध्यात १८७६ पासूनचं कॅफे सेंट्राल आहे, जिथं ट्रॉट्स्की बुद्धिबळ खेळत बसायचा. आता दाराबाहेर रांग असते. बसायला मिळावं म्हणून आधी तासभर उभं राहायचं ही दर्शनबारीची पद्धत पंढरपुरात मला मान्य आहे, कॉफीसाठी नाही.

मला सापडलं ते आमच्याच भागातल्या एका कोपऱ्यावरचं. नाव सांगत नाही, त्यांना प्रसिद्धीची हौस दिसली नाही. लाल रेक्झिनची झिजलेली बाकं, संगमरवरी टेबलं, मध्ये बिलियर्डचं टेबल, भिंतीला लाकडी दांड्यांत अडकवलेली वर्तमानपत्रं, आपल्या नगरवाचनालयात असायची तशी. वेटर साठीचा, काळं जाकीट, आणि चेहरा असा की मी त्याच्या शेताचा बांध कोरलाय. या वैतागलेपणाला इथं नाव आहे, ‘ग्रांट’, आणि लोक त्याविषयी अभिमानानं बोलतात, कोल्हापूरकर तांबड्या रश्श्याविषयी बोलतात तसे. वेटरला ‘हेर ओबर’ म्हणायचं एवढं जावयानं शिकवून ठेवलं होतं.

मेलांज मागवली. म्हणजे कॉफीत निम्मं दूध, वर फेस. आली ती छोट्या चकचकीत तबकात. कप, शेजारी पाण्याचा पेला, पेल्यावर उपडा ठेवलेला चमचा. पाणी नळाचंच. पण हा नळ आल्प्सच्या झऱ्यांना जोडलेला आहे. १८७३ साली पहिली जलवाहिनी झाली, १९१० साली दुसरी, आणि डोंगरातलं पाणी पंपाशिवाय, नुसत्या उतारानं शहरात येतं. जुलैच्या उकाड्यात पेल्याला बाहेरून घाम फुटला होता. कॉफी पंधरा मिनिटांत संपली आणि मी उठायच्या बेतात आलो. आपल्याकडं कप रिकामा झाला की पोऱ्या येऊन टेबलावर फडकं मारतो. तो फडका म्हणजे निरोप, हे चाळीस वर्षांत अंगवळणी पडलेलं. इथं वेटर आला, रिकामा पेला उचलला आणि भरलेला आणून ठेवला. बोलला काही नाही. पाऊण तासानं पुन्हा तेच. पाणी आलं म्हणजे बसा, असा तो अर्थ होता, आणि तो कळायला मला तीन पेले लागले.

अडचण गाडीची होती. एक पाय दांडीवर ठेवून मी ती सारखी ढकलायचो, ओढायचो. वर पेपर, खाली पाय, शिलाई मशीनवर बसल्यासारखा. पाचव्या-सहाव्या दिवशी वेटर सरळ माझ्या टेबलाशी आला आणि बोटानं ‘उठा’ म्हणाला. मी मनात म्हटलं, भरली वेळ. तो मला बिलियर्डच्या टेबलामागच्या एका कोपऱ्यात घेऊन गेला. तिथली लाकडी जमीन जराशी खचलेली. इतकी वर्षं खेळणारे तिथंच पाय रोवून उभे राहात असणार. त्यानं बुटाच्या टोकानं गाडी हलकेच ढकलली. गाडी वीतभर चढली आणि आपसूक परत आली. पुन्हा ढकलली, पुन्हा आली. मग माझ्याकडं पाहिलं, समजलं का अशा अर्थानं, आणि निघून गेला. हसला नाही. ऑस्ट्रियानं २०११ साली या कॉफीहाउस संस्कृतीला आपल्या अमूर्त वारशाच्या यादीत घातलं, म्हणजे जे डोळ्यांना दिसतं ते सगळं त्या यादीत आलंच असेल. खचलेला कोपरा माझ्याकडं आहे.

नेहमीच्या गिऱ्हाइकाला तिथं ‘श्टामगास्ट’ म्हणतात. त्याला काही मागावं लागत नाही. दारातून आत आला की त्याचं जे काय असेल ते टेबलावर हजर. मी शेवटपर्यंत श्टामगास्ट झालो नाही. तो रोज नव्यानं ‘बिटे?’ विचारायचा आणि मी रोज नव्यानं ‘मेलांज’ म्हणायचो. पण कोपऱ्यातलं टेबल साडेदहाला रिकामं असायचं, ते का, हे मी कधी विचारलं नाही.

संध्याकाळी हीसुद्धा यायची, आणि तिची जागा तिनं स्वतः शोधली. ओटाक्रिंगच्या वरच्या अंगाला झांडलाइटेनहोफ नावाची वसाहत आहे. पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्ना महापालिका समाजवादी पक्षाच्या हातात आली आणि १९२३ मध्ये त्यांनी घरबांधणीचा कर लावला. लहान घराला नाममात्र, बंगलेवाल्याला भरपूर. त्या पैशातून १९३४ पर्यंत साठ हजारांवर घरं बांधली. झांडलाइटेनहोफ त्यातलंच, १९२४ ते १९२८ मधलं, १५८७ घरांचं. अशा इमारतींच्या भिंतींवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं की हे व्हिएन्ना नगरपालिकेनं घरबांधणी कराच्या पैशातून बांधलं. देणगीदाराच्या नावाची पाटी आपण देवळात लावतो. इथं कराचं नाव! कर वसूल करणाऱ्यांच्या शेजारी आयुष्य गेलेल्या मला ते वाचून भरून आलं, हे थोडं हास्यास्पद आहे, पण आलं.

ही वाचत नाही अशा पाट्या. तिनं आत शिरून पाहिलं ते अंगण. इमारती कडेकडेनं, मध्ये मोठी झाडं, झाडांखाली बाकं. फेब्रुवारी १९३४ च्या यादवीत या वसाहतीत गोळीबार झाला होता. आता तिथं एक आजीबाई क्रोशाचा टेबलक्लॉथ विणत बसतात. ही त्यांच्या शेजारी जाऊन बसली, पिशवीतून नातीचं कुंची-झबलं काढलं आणि विणायला लागली. अर्ध्या तासात दोघींची एकमेकींच्या टाक्यांवर चर्चा सुरू. एक मराठीत, एक व्हिएन्नाच्या जर्मनमध्ये. मी दोन शब्द मध्ये घालायचा प्रयत्न केला तर ही म्हणाली, ‘तुम्हाला कळतंय का काही? मग गप बसा.’ परतताना तिनं एकच विचारलं, ‘भाडं किती असंल हो इथं?’ महापालिकेच्या मालकीची सव्वादोन लाखांच्या घरात घरं या शहरात अजून आहेत. जावयाकडून ते कळल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. आमच्या धाकट्याचा पुण्यातला हप्ता तिच्या डोक्यात असणार.

सॉसेजच्या टपऱ्यांविषयी थोडक्यात सांगतो, कारण माझा अनुभवही थोडकाच. ‘व्युर्स्टेलश्टांड’ म्हणतात, रात्री उशिरापर्यंत उघड्या, आणि टेबलखुर्ची नाही, कठड्याला टेकून उभ्यानं खायचं. ऑपेराहून आलेले सूटवाले आणि सफाई कामगार तिथं खांद्याला खांदा लावून खातात असं प्रत्येक जण सांगतो. मला दिसले ते ट्रामचा ड्रायव्हर, दोन कॉलेजची पोरं आणि महापालिकेच्या केशरी कपड्यांतला एक जण. जावयानं चीज भरलेलं सॉसेज घेतलं. मी पाव, मोहरीची चटणी आणि खारवलेली मिरची. ती मिरची म्हणजे मिरचीचं आडनाव लावणारी काकडी. मी एकापाठोपाठ चार खाल्ल्या तेव्हा टपरीवाल्यानं पाचवी काळजीनं दिली. नोव्हेंबरात, आम्ही परत आल्यावर, या टपऱ्याही वारशाच्या यादीत गेल्याचं वाचलं. वडापावच्या गाडीचं कुणीतरी बघा.

आता नदी. सांगलीच्या माणसाला नदीवर नेताना जरा सांभाळून न्यावं, कारण तो आधी पाण्याची पातळी बघतो. ऑगस्ट २०१९ मध्ये आमच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी ४५. आमच्या तळमजल्यावर छताला हात लागेल एवढं पाणी, आणि उतरल्यावर भिंतीवर राहिलेली ती चॉकलेटी रेघ दोनदा रंग देऊनही पावसाळ्यात उमटते. तर जुलैच्या एका रविवारी जावयानं मला सहा नंबरच्या मेट्रोनं डॅन्यूबवर नेलं. जर्मनमध्ये डोनाउ. पुलावरून पाहिलं तर नद्या दोन! एक वाहती, मोठी बोटींची. दुसरी शांत, आणि तिच्यात अख्खं व्हिएन्ना पोहत होतं. दोन्हींच्या मध्ये लांबच लांब हिरवं बेट.

ते बेट देवानं केलेलं नाही. १९७२ ते १९८८ अशी सोळा वर्षं खणून पुरासाठी दुसरा प्रवाह केला, त्याचं नाव नॉये डोनाउ, नवी डॅन्यूब. एरवी वरच्या बाजूचे दरवाजे बंद, त्यामुळं ते नुसतं तळं. पूर आला की दरवाजे उघडायचे आणि जादा पाणी तिकडून काढून द्यायचं. खणलेली माती टाकायची कुठं, म्हणून मध्ये टाकली, आणि २१ किलोमीटर लांबीचं बेट तयार झालं. डोनाउइन्झेल. एरवी नदी सेकंदाला दोन हजार घनमीटरच्या आतबाहेर वाहते. ही सगळी व्यवस्था चौदा हजारांसाठी बांधली आहे, १५०१ सालचा महापूर डोळ्यांसमोर ठेवून. पाचशे वर्षांपूर्वीच्या पुराचा हिशेब! हेसाप! आमच्याकडं २००५ चा २०१९ ला विसरलो होतो.

आणि त्या पुराच्या नाल्याच्या काठावर तिकीट नाही, फाटक नाही, हॉटेलवाल्यांनी अडवलेला किनारा नाही. शेगड्या पेटलेल्या, तुर्की कुटुंबं मोठमोठी पातेली घेऊन आलेली, म्हातारे आपापल्या घडीच्या खुर्चीत. बेटाच्या दोन टोकांना कपड्यांची सक्तीही नाही असं जावयानं आधीच बजावलं होतं, त्यामुळं मी टोकाकडं गेलो नाही. मी पायऱ्यांवर बसलो. दगडी पायऱ्या, पाण्यात उतरणाऱ्या. गुडघ्यापर्यंत पाय सोडले. नात गाडीत झोपलेली, गाडी सायकलच्या रस्त्यावर जावयाच्या ताब्यात. सांगलीहून फोन आला, कृष्णा चाळिसाकडं निघालीय, घाट पाण्यात गेला, कट्टा बंद. मी म्हटलं, माझा चालू आहे. नंतर वाटलं असं बोलायला नको होतं.

ते बोलणं फिरलंच. सप्टेंबरच्या मध्यावर आमचे पाच-सहा दिवस उरले असताना पाऊस लागला तो थांबेना. १५ तारखेला रविवारी व्हीन नदी, जी एरवी दगडी नाल्यातून चूळभर वाहते आणि जिला मी तीन महिने नाला समजत होतो, ती घोंघावत वर आली. तिच्या काठानं जाणारी चार नंबरची मेट्रो काही टप्प्यांत बंद. शहराबाहेर तर फार वाईट. लोअर ऑस्ट्रियात गावं पाण्यात गेली, माणसं दगावली. लेक म्हणाली, बाबा, कुठं जाऊ नका. जावयाला घेऊन मी गेलोच. पुलावर छत्र्या घेऊन बरीच मंडळी उभी होती, आणि सगळी गप्प. खाली नवी डॅन्यूब आता तळं नव्हती. दरवाजे उघडले होते. तपकिरी पाणी ओंडके घेऊन सरळ चाललं होतं, मी बसलो होतो त्या पायऱ्या गेल्या होत्या, रस्त्याचे दिवे पाण्यातून उभे. आणि पलीकडं, बांधामागं, शहर कोरडं. बसचे दिवे, घरांत उजेड. मी फोटो सांगलीला पाठवला. अंगठा कुणी दिला नाही. एकाचाच निरोप आला, ‘किती फूट?’ तिथं फूट नव्हते. मी बराच वेळ कठड्याला धरून उभा राहिलो, मग जावई म्हणाला, बाबा, भिजलात.

शेवटच्या बुधवारी ऊन पडलं आणि ठरलं की हॉयरिगरला जायचं. म्हणजे द्राक्षबागवाल्याच्या अंगणात. १७८४ साली सम्राट दुसऱ्या जोसेफनं हुकूम काढला की शेतकऱ्यानं आपल्या मळ्यातली दारू आपल्या दारात विकावी, परवाना नको. ज्याच्याकडं दारू तयार आहे तो दारावर हिरवी फांदी टांगतो. त्याला म्हणतात ‘आउसगश्टेक्ट’, लावलीय. फांदी दिसली की आत जायचं, बाकावर बसायचं. खाणं घरून आणायची जुनी रीत, काही ठिकाणी अजून चालते, हे ऐकल्यावर हिनं पहाटे उठून दशम्या केल्या आणि शेंगदाण्याची चटणी डब्यात दाबून भरली.

पर्यटकांच्या बसेस ग्रिन्झिंगला जातात. आम्ही एकतीस नंबरच्या ट्रामनं दुसऱ्या दिशेला, डॅन्यूब ओलांडून शेवटच्या थांब्यापर्यंत. श्टामर्सडॉर्फ. जाताना नदी दिसली, उतरत होती. शेवटचा थांबा म्हणजे जवळजवळ खेडंच, आणि त्यामागं टेकडीवर द्राक्षं. शहराच्या हद्दीत सहाशे हेक्टरांच्या आसपास द्राक्षबागा. मी तासगाव पट्ट्यात सात वर्षं कर्जं वाटलेला माणूस, बाग पाहिली की हात शिवशिवतात. आपल्याकडं मांडव, इथं तारेवर उभ्या ओळी, घड गुडघ्याच्या उंचीला. एकाच बागेत पाच-सहा जाती मिसळून लावलेल्या, एकदम तोडायच्या, एकदम गाळायच्या. मिसळ. मी माती चिमटीत घेतली, पानामागं बुरशी आहे का बघितलं. जावई म्हणाला, बाबा, वसुलीला आल्यासारखं करू नका.

गल्लीत लेकीला माहीत असलेलं दार आलं. फांदी नव्हती. शेजारच्या दारावर नव्हती, समोर नव्हती. पावसानं तोडणीचं सगळं वेळापत्रक बिघडलेलं, मालक बागेत. ट्रामची परतीची गाडी होती, पण नात नेमकी जागी आणि भुकेली, हिचे पाय दुखलेले. दाराबाहेर भिंतीला लागून एक लाकडी बाक होता. बसलो. लेकीनं नातीला घेतलं, हिनं डबा उघडला. दशमीवर चटणी, त्यावर तेल. गल्लीत कुणी नाही.

दार उघडलं. रबरी बूट घातलेला एक म्हातारा, हातात बागेची कात्री. आमच्याकडं पाहिलं, डब्याकडं पाहिलं. ‘त्सू,’ म्हणाला. बंद. लेक म्हणाली, हो, कळलं, जरा बसलोय. त्यानं बाबागाडीत वाकून पाहिलं, ती रिकामी होती. काहीतरी पुटपुटला आणि दार लावून घेतलं. हिनं डबा मिटायला घेतला. मी म्हटलं, थांब जरा.

दोन मिनिटांनी दार पुन्हा उघडलं. त्यानं बाकाच्या टोकाला काचेचा जग ठेवला, पाण्याचा, आणि त्यावर उपडे घातलेले चार पेले. जगाला बाहेरून घाम फुटला होता.